शिशाची अणुकेंद्रके एकमेकांना चुकवतात तेव्हा

प्रकाशाचे दोन किरण एकमेकांना छेदून जातात आणि त्यांचा परस्परांवर काहीही परिणाम होत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुंजभौतिकीनुसार मात्र ती पूर्णपणे खरी नाही. फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणावर, विद्युतप्रभार नसला, तरी क्षणमात्र अस्तित्वात येणाऱ्या प्रभारित कण-प्रतिकणांच्या जोड्यांच्या मध्यस्थीने एक फोटॉन दुसऱ्याची दिशा बदलू शकतो, हे ऑयलर आणि हायझेनबर्ग यांच्या १९३६ सालच्या सिद्धांतातून निष्पन्न होते. ही घटना इतकी विरळ आहे, की ती थेट टिपण्यासाठी जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणत्वरकाची गरज पडली.

तेथे वापरलेली युक्ती विलक्षण सुंदर आहे. शिशाची अणुकेंद्रके समोरासमोरून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. त्यांपैकी जी एकमेकांवर न आदळता जवळून निघून जातात, तीच या अभ्यासासाठी मोलाची असतात. प्रचंड वेगामुळे अशा केंद्रकाचे विद्युतक्षेत्र थापलेल्या भाकरीसारखे चपटे होते आणि ते फोटॉनांच्या झोताप्रमाणे वागते. या फोटॉनांची संख्या प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन असतात आणि झोत दोन्ही बाजूंनी येतात, त्यामुळे दोन प्रोटॉनांच्या तुलनेत फोटॉन-फोटॉन टकरींची शक्यता ८२ च्या चौथ्या घाताने, म्हणजे सुमारे साडेचार कोटी पटींनी वाढते. मात्र ८२ प्रोटॉनांनी एकदिलाने काम करायचे, तर फोटॉनाचा आडव्या दिशेतील, म्हणजे केंद्रकाच्या मार्गाला लंब दिशेतील, संवेग अत्यल्पच असावा लागतो. म्हणूनच टकरीनंतर बाहेर पडणारे दोन फोटॉन झोताच्या आडव्या प्रतलात जवळजवळ नेमक्या विरुद्ध दिशांना जातात आणि कण टिपणाऱ्या शोधक यंत्राचा उरलेला भाग रिकामा राहतो.

या कोलायडरवरील अ‍ॅटलास प्रयोगाने २०१८ च्या टकरींमध्ये अशा ५९ घटना टिपल्या. त्यांपैकी सुमारे १२ इतर प्रक्रियांमुळे आलेल्या असाव्यात, असा अंदाज होता. तेथल्याच सीएमएस या प्रयोगानेही, ज्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग आहे, स्वतंत्रपणे याचा पुरावा मिळवला.

नव्या कणाचा शोध याच विदेतून (नोंदवलेल्या माहितीतून) घेतला जातो. दोन फोटॉनांनी मिळून अ‍ॅक्सिऑनसदृश कण (सिद्धांतात कल्पिलेला, अद्याप न सापडलेला कण) निर्माण केला आणि तो पुन्हा दोन फोटॉनांत विघटित झाला, तर फोटॉनांच्या ऊर्जा व त्यांच्यातील कोन यांवरून काढलेले वस्तुमान प्रत्येक वेळी जवळपास तेच येईल आणि आलेखावर त्या ठिकाणी उंचवटा दिसेल. अशा कणाचा परिवलनांक (स्पिन, कणाचा एक अंगभूत पुंजगुणधर्म) शून्य मानला जातो; परिवलनांक एक असलेला कण दोन फोटॉनांत विघटित होऊच शकत नाही, हे लान्डाऊ-यांग प्रमेय सांगते.

उंचवटा दिसला म्हणजे कण सापडला, असे मात्र नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये प्रोटॉनांच्या टकरींतील फोटॉन-जोड्यांमध्ये ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ (कणांचे वस्तुमान ऊर्जेच्या या एककात मोजतात) असाच उंचवटा दिसला, त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले, आणि ऑगस्ट २०१६ पर्यंत अधिक विदा जमल्यावर तो नाहीसा झाला. तो केवळ सांख्यिकीय चढउतार होता. नव्या भौतिकीची द्वाही फिरवण्याची घाई तेव्हा टाळायला हवी होती.

शिशाच्या टकरींतही ६ ते १०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात असा कण आढळलेला नाही. त्यामुळे तो असलाच, तर फोटॉनांशी त्याची आंतरक्रिया जास्तीत जास्त किती तीव्र असू शकेल, याची मर्यादा अधिक कडक झाली आहे. याहून हलक्या कणांसाठी आणखी कमी ऊर्जेचे फोटॉन अचूक टिपावे लागतील, आणि तेथे खऱ्या फोटॉनासारखा भासणारा इलेक्ट्रॉन ओळखून वगळणे हेच सर्वांत कठीण काम आहे.