ॲडलर, स्टेला

(१० फेब्रुवारी १९०१–२१ डिसेंबर १९९२). अमेरिकन रंगभूमीवरील अभिनेत्री आणि विसाव्या शतकातील एक प्रभावी अभिनयशिक्षिका. जन्म न्यूयॉर्क येथे, यिडिश (पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा) रंगभूमीवरील नामांकित घराण्यात. वडील जेकब ॲडलर व आई सारा ॲडलर हे दोघेही त्या रंगभूमीचे आघाडीचे नट. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या या रंगभूमीवर करमणुकीच्या संगीतिकांबरोबरच शेक्सपिअर, टॉलस्टॉय व जेकब गॉर्डिन यांची नाटके होत. गॉर्डिनच्या ‘यिडिश किंग लिअर’मधील (१८९२) जेकबची भूमिका विशेष गाजली. १९०३ मध्ये ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची व्यावसायिक इंग्रजी रंगभूमी) त्याने शेक्सपिअरचा शायलॉक यिडिशमध्ये केला, तर बाकीचा नटसंच इंग्रजीत बोलत होता. स्टेलाची भावंडे आणि सावत्र भावंडेही रंगभूमीवर होती. त्यांपैकी सीलिया व ल्यूथर यांनी मोठे नाव मिळवले.

स्टेला वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास वडिलांच्या मंडळीतून ‘ब्रोकन हार्ट्स’ या नाटकात प्रथम रंगमंचावर आली. शालेय शिक्षण तिला दौरे व तालमी यांतून सवड मिळेल तसे घ्यावे लागले. १९१९ च्या सुमारास ती लंडनमध्ये वडिलांच्या नटसंचात नायिकेच्या भूमिका करीत होती. इंग्रजी रंगभूमीवरील तिचे पदार्पण १९२२ चे मानतात. पुढे अमेरिकेत, युरोपात व लॅटिन अमेरिकेत तिने यिडिश नाटकांचे दौरे केले. या काळातील भूमिकांची संख्या शंभराच्या आसपास सांगितली जाते. एका हंगामात अनेक नाटके बसवण्याची त्या मंडळ्यांची रीत पाहता ती अशक्य नाही.

मॉस्को आर्ट थिएटरचा अमेरिकन दौरा (१९२३-२४) ही तिच्या पिढीच्या दृष्टीने निर्णायक घटना ठरली. त्या परंपरेतील रिचर्ड बोलेस्लाव्हस्की व मारिया उस्पेन्स्काया यांनी न्यूयॉर्कमध्ये चालवलेल्या अमेरिकन लॅबोरेटरी थिएटरमध्ये स्टेला १९२५ मध्ये दाखल झाली. वास्तविक तोवर ती अनुभवी नटी होती आणि तिला शिकण्याची सक्ती कोणी केलेली नव्हती. ली स्ट्रासबर्ग आणि हॅरल्ड क्लर्मन हेही याच संस्थेच्या संपर्कात आले. या दोघांनी शेरिल क्रॉफर्डसह १९३१ मध्ये ग्रुप थिएटर ही नाट्यसंस्था स्थापन केली व स्टेला त्यात सामील झाली. ‘सक्सेस स्टोरी’ (१९३२), क्लिफर्ड ओडेट्सची ‘अवेक अँड सिंग’ व ‘पॅराडाइज लॉस्ट’ (दोन्ही १९३५) ही तिची तेथील महत्त्वाची नाटके. ‘अवेक अँड सिंग’मध्ये तिने प्रौढ मुलांची आई, बेसी बर्गर, वयाच्या चौतिसाव्या वर्षी साकारली.

*भावस्मृतीचा वाद.* ग्रुप थिएटरच्या तालमींत स्ट्रासबर्गचा सर्वाधिक भर भावस्मृतीवर असे. ही संज्ञा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याच्या लेखनातून मॉस्को आर्ट थिएटरचा सहसंस्थापक व तेथील अभिनयपद्धतीचा प्रणेता स्तानिस्लाव्हस्की याच्याकडे आली. तिचा तालमीतील वापर असा : दुःखाचा प्रवेश असेल तर नटाने स्वतःच्या आयुष्यातील तशा प्रसंगाकडे जायचे, मात्र भावनेला थेट हात घालायचा नाही. ती खोली, तिथला उजेड, हाताला लागलेले कापड, वास, आवाज असे तपशील एकेक करून आठवायचे, म्हणजे भावना आपोआप उसळते, आणि मग रंगमंचावर प्रवेश करायचा. विंगेत थांबून हा व्यायाम करायला नट मिनिटभर घेत. स्टेलाला हे जाचक वाटे. नाटककाराने लिहिलेली परिस्थिती सोडून नट स्वतःच्याच आयुष्यात रमतो आणि सहनटाशी त्याचा संबंध तुटतो, असा तिचा आक्षेप होता. जॉन हॉवर्ड लॉसनच्या ‘जंटलवुमन’मधील (१९३४) आपल्या भूमिकेबाबत ती असमाधानी होती, हेही या अस्वस्थतेचे एक कारण.

१९३४ च्या उन्हाळ्यात ती क्लर्मनसह पॅरिसमध्ये स्तानिस्लाव्हस्कीला भेटली. १९२८ च्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर तो प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये येऊन राहिला होता. तुमची पद्धती येईपर्यंत मला नाटक आवडत होते, आता नकोसे झाले आहे, अशा अर्थाची तक्रार तिने केली. त्यावर त्याने तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. क्लर्मन परतला. स्टेलाने सुमारे पाच आठवडे स्तानिस्लाव्हस्कीबरोबर फ्रेंच भाषेतून काम केले. सरावासाठी प्रवेश ‘जंटलवुमन’मधलाच घेतला होता. कामाची टिपणे लिहून घेण्याची व्यवस्थाही तिने केली होती. न्यूयॉर्क राज्यातील एलनव्हिल येथे ग्रुप थिएटरचे उन्हाळी वास्तव्य होते. तेथे ऑगस्टमध्ये तिने नटांसमोर पद्धतीचा तक्ता मांडला आणि सांगितले की, भर भावस्मृतीवर नसून दत्त परिस्थिती (नाटककाराने दिलेली परिस्थिती), कल्पनाशक्ती व क्रिया यांवर आहे. स्मृतीचा आधार शेवटचा, बाकीचे उपाय थकल्यावर घ्यायचा. स्ट्रासबर्गने ते मानले नाही. स्तानिस्लाव्हस्कीने स्वतःचाच मार्ग सोडला असावा, असा त्याचा पवित्रा होता. १९३७ मध्ये तो ग्रुपमधून बाहेर पडला. त्यामागे इतरही कारणे होती, पण नटांचा विश्वास दुभंगला तो याच उन्हाळ्यात.

या प्रसंगाचे अर्थ तीन प्रकारे लावले जातात. स्टेलाच्या शिष्यांच्या मते स्ट्रासबर्गने मुळातच चुकीचे शिकवले. स्ट्रासबर्गच्या अनुयायांच्या मते स्टेलाने वृद्ध स्तानिस्लाव्हस्कीचा एक टप्पा पाहिला व तोच संपूर्ण समजली. तिसरे मत असे की, बोलेस्लाव्हस्की व उस्पेन्स्काया यांनी अमेरिकेत आणली ती १९१२ मध्ये सुरू झालेल्या, मॉस्को आर्ट थिएटरच्या फर्स्ट स्टुडिओ या प्रयोगशाखेच्या काळातील शिकवण. १९३४ पर्यंत खुद्द स्तानिस्लाव्हस्की शारीरिक क्रियेच्या दिशेने बराच पुढे गेला होता आणि स्ट्रासबर्ग व स्टेला या दोघांनीही एकाच बदलत्या पद्धतीची दोन टोके पकडली. उपलब्ध पुराव्याशी हे तिसरे मत अधिक जुळते. या प्रकरणी स्तानिस्लाव्हस्कीचे म्हणून जे उद्गार नोंदले गेले आहेत, त्यांचा सूर तिच्या आठवणीपेक्षा निराळा आहे : आपल्या पद्धतीची अब्रू राखण्यासाठी एक महिना खर्ची घातला आणि अखेर असे दिसले की, स्टेला जे शिकून आली होती ते बरोबरच होते. हे विधान धरले तर ‘चूक सुधारून घेण्यासाठी पॅरिस’ ही रूढ कथा तेवढी सरळ राहत नाही. मराठी वाचकाला स्तानिस्लाव्हस्की प्रामुख्याने के. नारायण काळे यांच्या भाषांतरांतून परिचित आहे. अमेरिकेतील ही दुफळी मात्र आपल्याकडच्या अभिनयचर्चेत क्वचितच येते आणि ‘मेथड’ हा मुळात स्ट्रासबर्गच्या शिकवणीला लावला जाणारा शब्द सरसकट वापरला जातो.

ग्रुप थिएटरनंतर तिने चित्रपटांत थोडे काम केले. ‘लव्ह ऑन टोस्ट’मध्ये (१९३७) स्टुडिओच्या आग्रहाने तिचे आडनाव ‘आर्डलर’ असे छापले गेले. ‘शॅडो ऑफ द थिन मॅन’ (१९४१) व ‘माय गर्ल टिसा’ (१९४८) हे आणखी दोन चित्रपट. ब्रॉडवेवर ती ‘ही हू गेट्स स्लॅप्ड’मध्ये (१९४६) दिसली. १९६१ मध्ये लंडनला आर्थर कॉपिटच्या नाटकात काम केल्यानंतर ती रंगमंचावरून दूर झाली. तिचे तीन विवाह झाले. दुसरा क्लर्मनशी, तिसरा भौतिकीविद व कादंबरीकार मिचेल विल्सन याच्याशी. पहिल्या विवाहापासून झालेली मुलगी एलन.

*अध्यापन.* १९४० च्या दशकाच्या आरंभी ती न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये जर्मन दिग्दर्शक एर्विन पिस्काटरच्या नाट्य कार्यशाळेत शिकवू लागली. १९४९ मध्ये तिने स्वतःची संस्था काढली. पुढे येल विद्यापीठातही तिने अध्यापन केले आणि १९८५ मध्ये लॉस अँजेलिस येथे शाखा सुरू झाली.

तिच्या अभ्यासक्रमाची सुरुवात पाहण्यापासून होई. विद्यार्थ्याने बाहेर जाऊन एखादी वस्तू पाहायची आणि वर्गासमोर अशी सांगायची की, ऐकणाऱ्यालाही ती दिसली पाहिजे. ‘लाल’ म्हणून भागत नसे. कोणता लाल, हे सांगावे लागे. पुढची पायरी समर्थनाची. खिडकी उघडायची तर का उघडायची, याचे कारण नटाने स्वतः कल्पायचे. आणि ते कारण त्याला काम करायला लावणारे हवे. ‘हवा यावी म्हणून’ हे उत्तर ती परत पाठवी. त्यानंतर क्रिया : शिकवणे, पटवणे, निसटणे, आठवणीत रमणे अशा प्रत्येक क्रियेची घडण वेगळी असते, तिला हेतू असतो आणि ती विशिष्ट ठिकाणीच घडते, हे ती सविस्तर मांडी. खलील जिब्रानच्या गद्याचा उतारा स्वतःच्या शब्दांत सांगायचा, हाही एक ठरलेला पाठ होता. पल्लेदार विचार घरगुती आवाजात बोलण्याची सवय मोडावी, हा त्यामागचा उद्देश. आवाज, शरीर व उच्चार यांकडे दुर्लक्ष तिला चालत नसे. येथे यिडिश रंगभूमीचा भव्य बाज स्तानिस्लाव्हस्कीइतकाच, किंबहुना अधिक, डोकावतो. अभ्यासक तो बरेचदा विसरतात.

वर्गातील तिचा थाट नटीचाच होता. ती आत येताच विद्यार्थी उभे राहून टाळ्या वाजवत. कठोर, प्रसंगी अपमानास्पद बोलणे आणि मनापासूनची स्तुती एकाच तासात ऐकायला मिळे. अणुबाँब पडतो आहे आणि तुम्ही सगळे कोंबड्या आहात, असे तिने सांगताच वर्ग सैरावैरा धावला. मार्लन ब्रँडो तेवढा अंडे घालत स्वस्थ बसला, कारण कोंबडीला बाँब काय कळणार? ही कथा अनेकांनी सांगितली आहे व तपशिलात थोडाफार फरक आढळतो.

ब्रँडो न्यू स्कूलमध्ये तिचा विद्यार्थी होता. त्याच्या अभिनयाचे श्रेय लोकसमजुतीत स्ट्रासबर्ग व तो जेथे शिकवीत असे त्या न्यूयॉर्कच्या ॲक्टर्स स्टुडिओला जाते. पण ब्रँडोने स्वतः ते स्टेलाला व दिग्दर्शक इलिया कझान यांना दिले. रॉबर्ट डी नीरो व वॉरन बीटी हेही तिच्याकडे शिकले.

उत्तरायुष्यात संहितावाचनाचे तिचे वर्ग अधिक गाजले. इब्सेन, स्ट्रिंडबर्ग, चेकॉव्ह यांची नाटके ती संवादांपासून सुरू न करता काळ, वर्ग, धर्म, पैसा आणि घरातील सामान यांपासून उलगडी. पात्र कोणत्या दिवाणखान्यात बसते हे ठाऊक नसलेल्या नटाने तोंड उघडू नये, असा तिचा आग्रह होता. या व्याख्यानांचे संकलन तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. ते वर्गात बोललेले असल्याने पुनरुक्ती व अतिशयोक्ती भरपूर आहे. नाट्येतिहासाचा आधार म्हणून ते जपूनच वापरावे लागते. तालमीत मात्र उपयोगी पडते.