डिंक्या रोग आणि संत्र्याच्या सालीतील बुरशी

संत्रावर्गीय झाडांच्या खोडाची साल कुजून तिच्यातून डिंक पाझरण्याचा रोग. नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड आणि लगतच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात, विशेषतः पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत, तो नेहमीचा आहे. कागदी लिंबावर खरबरीत ठिपके पाडणारा खैऱ्या जिवाणूजन्य असून त्याचा येथे संबंध नाही.

रोगाची पहिली मोठी साथ १८३० नंतरच्या दशकात अझोर्स बेटांवर आली, असे सामान्यतः मानतात. नागपुरी संत्र्यावर तो प्रामुख्याने फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीव-प्रजातीच्या पॅरासिटिका, पाल्मिव्होरा आणि सिट्रोफ्थोरा या जातींमुळे होतो. ही प्रजाती आंटोन डे बारी यांनी १८७६ मध्ये स्थापिली. जुने ग्रंथ तिला बुरशीतच धरतात. बागाईतदारही बुरशीच म्हणतात आणि व्यवहारात त्याने बिघडत नाही. मात्र तिच्या पेशीभित्तिकेत कायटिनाऐवजी (बुरशींच्या पेशीभित्तिकेतील द्रव्य) मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकाने असतात आणि तिचे चलबीजाणू (हालचाल करणारे बीजाणू) दोन कशाभिकांनी, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंनी, पाण्यात पोहतात. त्यामुळे तिला तपकिरी शैवलांच्या जवळ ठेवणारे आजचे वर्गीकरण अधिक ग्राह्य वाटते.

सालीतील बुरशीसमूहाच्या अभ्यासात हा भेद महत्त्वाचा ठरतो. २०१२ पासून बुरशी ओळखण्याची प्रमाण खूण म्हणून डीएनएमधील आयटीएस हा भाग वापरतात. त्यासाठीचे प्रारंभक (तो भाग हेरून त्याच्या प्रती काढण्यासाठीचे डीएनएचे छोटे तुकडे) केवळ बुरशीसाठी बेतलेले असतील, तर मूळ कारणजीव यादीत बहुधा येतच नाही. येतात ते त्याच्यामागून आलेले. निरोगी सालीत क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, ऑरिओबॅसिडियम यांसारख्या बुरशी उपद्रव न करता राहतात. साल व तिच्याखालील ऊतककर (खोड जाड करणारा वाढीचा थर) मेला की फ्युझेरियम, लॅसिओडिप्लोडिया आणि काष्ठ कुजवणाऱ्या बुरशींना वाट मिळते. यांतील काही आधीपासूनच सालीत सुप्त असतात; म्हणून वाढलेली प्रत्येक बुरशी बाहेरून आली, असे धरणे सावधपणाचे नाही. इतर वृक्षांच्या कँकरमध्ये (साल मरून पडणाऱ्या जखमांत) बुरशीसमूहातील हा बदल बहुधा जखमेपुरता आढळतो. म्हणून नमुना जखमेच्या कडेचा की मधल्या मृत सालीचा, हे नोंदवणे आवश्यक असते.

डिंक पाण्यात विरघळतो. भर पावसात तो धुऊन जातो आणि उघाडीनंतर कलमाच्या जोडाजवळ पिवळट-तांबूस थेंब दिसू लागतात. वरची साल खरवडल्यास आत ओलसर तपकिरी पट्टा आढळतो.

जंबेरी खुंट लवकर बळी पडतो; रंगपूर लिंबू तुलनेने सहनशील मानतात. डोळा (खुंटावर बांधलेली कलमाची कळी) जमिनीपासून वीतभर वर ठेवणे आणि खोडाला पाणी लागू न देणारे दुहेरी आळे हे प्रचलित उपाय होत. पावसाळ्यापूर्वी व नंतर लावला जाणारा बोर्डो मलम (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) सालीवरील निरुपद्रवी बुरशींनाही मारक असतो. रोगाला आवर घालण्यासाठी शेणखतातून दिली जाणारी ट्रायकोडर्मा स्वतः बुरशीच असल्याने मलमाबरोबर मिसळत नाहीत.