चुनखडीच्या रानात कॅल्शियमचा उपवास

“आमच्या रानात खणावं तिथं चुनखडी लागते, मग कॅल्शियमसाठी जिप्सम विकत कशाला आणायचं?” जालना-अंबड भागातल्या मोसंबीवाल्यांचा हा प्रश्न रास्त आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. पण जमिनीचा सामू ८ च्या वर असला की ती पाण्यात जेमतेम विरघळते, आणि पांढऱ्या मुळीला विरघळलेलंच कॅल्शियम घेता येतं. त्यात बोअरचं पाणी मचूळ असेल तर झाडाला कॅल्शियमची खरी गरज तेव्हाच पडते.

खाऱ्या पाण्याची खूण बागेत दिसते. ड्रीपरखालची ओल संपते तिथं पांढरी कड उमटते, आणि पानांची टोकं व कडा आधी करपतात, कारण पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच साचतात. मोसंबीच्या कुळाला हे फार सोसत नाही. माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) साधारण १.७ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागतं.

आता मुळाच्या पेशीत डोकावू. सोडियम दिसायला पोटॅशियमसारखा, त्यामुळे तो पेशीच्या पटलातल्या वाटांनी आत घुसतो. बाहेर पुरेसं कॅल्शियम असेल तर यातल्या बऱ्याच वाटा अडतात. १९६९ मध्ये लाहे आणि एपस्टाइन या शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या रोपांना मिठाचं पाणी देऊन हे दाखवलं: कॅल्शियम कमी तिथं पानांत सोडियम भरला, पुरेसं तिथं रोपं तगली.

याहून विलक्षण भाग पुढे आहे. पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम मुद्दाम अत्यल्प ठेवलेलं असतं, बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजारपट कमी. जास्त झालं तर ते फॉस्फेटला धरून साका करेल. ही तफावत म्हणजे जायकवाडीच्या दरवाजांमागे तुंबलेलं पाणीच. मिठाचा झटका बसताच वाटा उघडतात, कॅल्शियम आत उसळतं, आणि ती उसळी हाच निरोप. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात ही लाट मुळातून सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर वेगाने वर जाते, असं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना दिसलं. पेशीतलं एसओएस-३ हे प्रथिन कॅल्शियम पकडतं आणि एसओएस-२ ला जागं करतं. ते एसओएस-१ या पंपावर फॉस्फेट चढवतं, आणि पंप सोडियम बाहेर फेकू लागतो, एका प्रोटॉनच्या बदल्यात एक सोडियम. हे प्रोटॉन आधी बाहेर साठवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जळतं. म्हणून झाड तगलं तरी वाढ खुंटते आणि फळ बारीक राहतं. अशी प्रथिनं बनवणारी जनुकं लिंबूवर्गीय झाडांतही आहेत.

पाइपला लोहचुंबक बांधून खारं पाणी गोड करून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. चुंबकातून गेल्यावरही सोडियम आणि क्लोराइड पाण्यात तेवढेच राहतात. ईसी मीटर आधी आणि नंतर बुडवून पाहा.

जिप्समही सरसकट टाकायचं नसतं. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीसाठी: त्यातलं कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवरचा सोडियम सोडवतं, पण तो वाहून जायला निचरा हवाच. जमीन नुसती खारवट असेल, सोडियमने चोपण झालेली नसेल, तर जिप्समचा फायदा नाही. तिथं निचरा आणि त्यातल्या त्यात गोडं पाणी हाच उपाय. चुनखडीच्या चोपण रानात गंधक चालतं, कारण जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि रानातलीच चुनखडी विरघळते. ताग-धैंचा गाडण्याचाही असाच उपयोग होतो, सावकाश.

मोसंबीला सोडियमपेक्षा क्लोराइड जास्त जाचतं आणि ते अडवण्यात खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्याचा, वाटा मोठा. रंगपूर लाईमचा खुंट क्लोराइड बराचसा मुळातच रोखतो, जंबेरीला ते तितकं जमत नाही. बोअरचं पाणी खारं असेल तर कलमं घेताना रोपवाटिकेत खुंट कोणता हे आधी विचारा, आणि माती तपासायला देताना ईसीबरोबर विनिमयक्षम सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमची, टक्केवारीही मागा.