गोचीड, पिसू आणि परळ

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्रा ताप घेऊन आला, की डॉक्टर आधी त्याचा कान उलटा करून बघतात, मग पंजाची बोटं फाकवतात. एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली गोचीड बऱ्याचदा तिथेच सापडते. मग कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पांढऱ्या पेशीत जांभळा पुंजका दिसला तर एर्लिकिया हा जीवाणू, तांबड्या पेशीत बारीक ठिपके दिसले तर बाबेशिया हा एकपेशीय परजीवी; दोन्ही गोचिडीतून येतात.

रक्तातला परजीवी रोग करतो, हे आपल्याकडे आधी जनावरांनीच दाखवलं. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) इथे ब्रिटिश लष्करातले पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना ‘सरा’ नावाचा ताप झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा जीव दिसला. वरिष्ठांना ते पटलं नाही. तो जीव एका जनावरातून दुसऱ्यात नेणारी घोडेमाशी पुढे सापडली. 1893 मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध केलं. (गोचीड कीटक नव्हे, ती कोळ्याच्या गोतातली.)

मुंबईत जनावरांचं वैद्यक शिकवणारं कॉलेज 1886 मध्ये परळलाच सुरू झालं. दहा वर्षांनी मांडवीत प्लेग आला आणि 1899 मध्ये प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळाही परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, असं फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी 1898 मध्येच कराचीत मांडलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. 1905 नंतर प्लेगचा अभ्यास करायला नेमलेल्या आयोगाने परळला केलेले प्रयोग मला आजही चकित करतात. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला मेला, दोन फूट वर टांगलेला वाचला. हवा दोघांना एकच होती; पिसूची उडी मात्र तेवढी उंच जात नव्हती.

कुत्र्यांच्या रोगांचा नंबर उशिरा लागला. बाबेशिया गिब्सोनी 1910 मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत सापडला, एर्लिकिया 1935 मध्ये अल्जीरियात. आज डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने एर्लिकियाचा ताप उतरतो, पण कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की गळून पडते, भिंतीवर चढते आणि भेगेत हजारोंनी अंडी घालते. तिला दोन फुटांची अडचण नाही. म्हणून डॉक्टर गोळ्या लिहून देताना कुत्र्याच्या मालकाला घरातल्या पलंगामागची भिंतही तपासायला सांगतात.