‘नॅशनल पार्क’ नावाचा घोळ

बोरिवली पूर्वेला रिक्षात बसून ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान’ म्हणालात तर रिक्षावाला एकदा मागे वळून बघेल. त्याला ‘नॅशनल पार्क’ कळते. घरातल्यांना त्याहून कमी, नुसते ‘पार्क’. डबे, चटई, बॅडमिंटनची रॅकेट आणि दुपारपर्यंत परत, एवढा त्या शब्दाचा अर्थ. या जंगलाच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या बऱ्याच भांडणांची मुळे याच शब्दात आहेत.

प्राचीन इतिहास शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ऐकलेला असतो. काळ्या कातळाचा डोंगर म्हणून कृष्णगिरी, शिलालेखांतल्या प्राकृतात कण्हसेल, आणि त्याचेच कान्हेरी. लेणी शंभरावर आहेत. पुढची काही शतके इथे फारसे काही घडले नाही असे आपण धरून चालतो, आणि थेट पाण्याच्या गोष्टीवर येतो.

कारण हे जंगल टिकले ते पाण्यामुळे. मुंबईची तहान भागवायला १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तलावांत स्वच्छ पाणी यायचे तर भोवतीच्या डोंगरांवर वस्ती वाढू द्यायची नाही, हा साधा हिशेब होता. वाघ-बिबट्यांचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. संरक्षित उद्यान झाले तेव्हाही सुरुवातीला ते जेमतेम वीस चौरस किलोमीटरचे होते. १९६९ मध्ये आसपासची राखीव जंगले जोडली गेली आणि क्षेत्र शंभरावर गेले. कृष्णगिरी, मग बोरिवली, मग संजय गांधी अशी नावे बदलत गेली. ‘उद्यान’ मात्र प्रत्येक पाटीवर राहिले.

घोळ इथे आहे. मराठीत उद्यान म्हणजे बाग: जिजामाता उद्यान, कमला नेहरू उद्यान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मात्र राष्ट्रीय उद्यान हा जंगलाचा सर्वांत कडक दर्जा आहे. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यालाही मनाई. आपण जिथे चटई टाकतो तो फाटकाजवळचा भाग म्हणजे कृष्णगिरी उपवन. नौकाविहार, गांधी टेकडी, सफारीच्या बसगाड्या, सगळे तिथेच. बाग म्हणावी ती एवढीच. तिच्यामागे जांभूळमाळाच्या ४६८ मीटर उंचीपर्यंत चढत जाते ते अरण्य, आणि तुळशी-विहारकडे तर हौशी माणसाला जाताच येत नाही. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे ‘बागेत माणसे राहतात कशी?’ हा प्रश्न शहराला अगदी सरळ वाटू लागला.

१९९५ मध्ये एका पर्यावरणवादी गटाने उच्च न्यायालयात तोच प्रश्न नेला. उद्यानाच्या हद्दीत तोवर हजारो झोपड्या उभ्या होत्या. मे १९९७ च्या आदेशाने त्या हटवायला सांगितले. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असेल त्यांनी सात हजार रुपये भरायचे, त्यांना बाहेर घर. बाकीच्यांना काहीच नाही. पाडापाडी सुरू झाली, चांदिवलीला इमारती उभ्या राहिल्या, पण सगळ्यांचे पुनर्वसन आजही पुरे झालेले नाही. जंगल वाचले ते या आदेशाने, असे म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य आहे. पण ‘अतिक्रमण’ हा शब्द सरसकट वापरला गेला तेव्हा कालपरवा पत्रे ठोकलेली झोपडी आणि नवापाडा, तुमणीपाडा, रावणपाडा यांतली वारली कुटुंबे एकाच यादीत आली. पाडे तर उद्यानाच्या आधीचे. वनहक्क कायदा यायला पुढे २००६ उजाडले. अनुक्रम उलटा झाला, असे माझे मत.

बिबट्यांची कथाही त्याच सुमाराची. २००२ नंतर हल्ले वाढले, २००४ हे वर्ष सर्वांत वाईट गेले. दोष झोपड्यांना दिला गेला, कचऱ्याला, कुत्र्यांना. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडले जात होते, ही बाब चर्चेत बरीच उशिरा आली. ते थांबल्यावर हल्लेही ओसरले. २०१५ च्या कॅमेरा-गणनेत पस्तीस बिबटे दिसले, म्हणजे बिबटे गेले नव्हते.

डिसेंबर २०१६ मध्ये हद्दीभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, जाहीर झाले. आरेतली मेट्रो कारशेडची जागा त्यातून वगळली होती. तिथल्या झाडतोडीवरून पुढे झालेला गदारोळ सर्वांना पाठ आहे.

मुलांना यातले काहीच ठाऊक नसते. त्यांच्या लेखी उद्यान म्हणजे वनराणी, ती छोटी गाडी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या मार्गाचे नुकसान झाले आणि ती बरीच वर्षे बंद राहिली. बिबट्यांबद्दल फाटकावर मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. वनराणी कधी सुरू होणार, हे मात्र त्या काळात प्रत्येक खेपेला कोणी ना कोणी विचारत होते.