बाईकच्या पुढून 'टक्' वाजतंय? कोनसेट आवळून आणण्याआधी एवढं वाचा

गणपती आटोपले की आमच्या गॅरेजात एकच वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येतं: "पुढून टक् टक् वाजतं, कोनसेट जरा आवळून द्या." कोनसेट म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या मानेतल्या गोळ्या आणि वाट्या. पावसाने रस्त्यांची चाळण केलेली असते, त्यात कुणाचं रोज परशुराम घाटातून येणं-जाणं, कुणाचं कुंभार्लीतून. पुढचं काम निघणारच. पण आवाज आला की पहिला पाना कोनसेटला, ही जी सवय लागली आहे तिच्यापायी आमचा वेळ जातो आणि तुमचे पैसे.

पुढच्या बाजूला वाजू शकतील अशा वस्तू बऱ्याच आहेत. त्यामुळे नुसतं "वाजतं" सांगू नका, कधी वाजतं ते सांगा. गतिरोधकावरून उतरल्यावर, शॉकअप (पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे दबणारे पाइप) पूर्ण उघडताना 'ठक्' होत असेल, तर बहुतेक वेळा आत तेल कमी झालेलं असतं. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत खडखड होते आणि पुढचा डिस्क ब्रेक हलका दाबून धरला की थांबते, मग शॉकअपचा काही संबंध नाही. कॅलिपरमधले (डिस्क पकडणाऱ्या भागातले) पॅड किंवा पिना वाजतात. हॉर्न, नंबरप्लेट, मडगार्डचा एखादा सुटलेला बोल्ट, हे तर हाताने हलवूनच कळतं. आधी ते बघा. दोन मिनिटांत काम होऊन गेलेले लोक आमच्याकडे आहेत, त्यांच्याकडून आम्ही काही घेतलेलं नाही.

पंक्चर काढल्यापासून आवाज किंवा पुढे कडकपणा आला असेल तर तेही आवर्जून सांगा. चाक बसवताना एक्सल, म्हणजे चाकातला आडवा दांडा, घाईत आवळला की दोन्ही शॉकअप एका रेषेत राहत नाहीत आणि आत अडकत चालतात. एक्सल सैल करून पुढून गाडी चार-पाच वेळा दाबायची आणि मग आवळायचा, एवढाच उपाय.

आता कोनसेट. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवली, 'टक्' झालं, म्हणजे कोनसेट गेला, असं सर्रास समजतात. पण ब्रेकचे पॅड जागेवर सरकले तरी अगदी तसाच 'टक्' येतो. आम्ही गाडी डबल स्टँडवर घेऊन इंजिनखाली आधार देतो, पुढचं चाक अधांतरी करतो आणि ब्रेकला हात न लावता दोन्ही शॉकअप खालून धरून पुढे-मागे ओढतो. दुसरा माणूस चेसीची मान आणि खालची टी (दोन्ही शॉकअप धरणारा आडवा भाग) यांच्या फटीवर बोट ठेवतो. हलणं बोटाला लागलं, तर कोनसेट. नंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो. मधोमध येताच ते खळग्यात बसल्यासारखं अडकलं, तर आवळून काही होणार नाही.

कारण साधं आहे. गाडी बहुतांश वेळ सरळ चालते. प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच गोळ्यांमधून वाट्यांवर त्याच ठिकाणी बसतो आणि तिथे खळगे पडतात. हँडल सरळ असताना गोळ्या खळग्यात, म्हणून ढिलाई. तिथे ढिलाई काढायला आवळलं की वळताना गोळ्या खळग्याबाहेर येतात आणि हँडल जड होतं. घाटाच्या वळणावर ते आपणहून सरळ येत नाही, गाडी सावकाश असली की डुलायला लागते.

मागच्या दिवाळीआधी गुहागरकडचे एक गुरुजी आले. महिनाभरात तीन ठिकाणी आवळून झालं होतं. खोललं तर खालच्या वाटीत खळग्यांची ओळ, नख अडकेल एवढी खोल, आणि ग्रीसच्या जागी गंजाचं लाल पाणी. सुरुवातीला उघडून साफ करून ग्रीस भरलं असतं तर कदाचित त्याच वाट्या चालल्या असत्या. नवा सेट टाकावा लागला. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात बुडालेल्या आणि नुसतं इंजिन ऑइल बदलून परत रस्त्यावर आलेल्या गाड्यांतही आम्ही हेच बघत आलो. पुढचा भाग कुणी उघडलाच नव्हता. शॉकअपमधून निघालेलं तेल दुधाच्या चहासारखं.

"एकच सील गळतं, दोन्ही बाजू कशाला खोलता?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. सील म्हणजे शॉकअपमधलं तेल आत अडवणारं रबर. एका बाजूला नवं तेल, दुसऱ्या बाजूला काळं आणि कमी, मग दोन्ही शॉकअप सारखं काम कसं करणार? तेल आम्ही कंपनीच्या मापाने, फोर्क ऑइलच (शॉकअपसाठीचं तेल) घालतो. उरलेलं इंजिन ऑइल ओतून आवाज दबतो खरा, पण ते जाड असतं आणि गाडी दगडासारखी आदळते. जास्त तेल भरलं तर आतली हवा दाबली जाऊन सीलवरच ताण येतो. मात्र प्रत्येक गळतीला नवं सील लागतंच असंही नाही. कधी सीलच्या ओठाखाली आपली लाल माती अडकलेली असते. पातळ प्लॅस्टिकची पट्टी फिरवून ती निघते आणि गळती थांबते. पाइपवर गंजाचे टोचरे डाग असतील तर मात्र नवं सील घालूनही ते पुन्हा फाटणार, हे आम्ही आधीच सांगतो. तेल डिस्कवर उतरत असेल तर गाडी चालवत आणू नका, फोन करा.

तपासणीचे 100 रुपये घेतो, काम केलं तर बिलातून वजा. फोनवर आवाज ऐकवून भाव विचारू नका, आम्ही सांगत नाही. बदललेले सुटे भाग पिशवीत घालून परत देतो. कोनसेट किंवा शॉकअपसाठी गाडी सकाळी दहाच्या आत आणा, संध्याकाळी मिळते. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस जास्त धरा.

आणि येताना गाडी धुऊन आणू नका. पाइपवरचा तेलाचा ओघळ, शॉकअपच्या खालच्या भागावर, बॉटमवर चिकटलेली धूळ, हे पाहूनच आम्हाला अर्धी गोष्ट कळते.