नकाराधिकार (सुरक्षा परिषद)

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स व ब्रिटन या पाच कायम सदस्यांपैकी कोणाही एकाला विरोधी मत देऊन ठराव रोखण्याचा असलेला अधिकार. सनदेच्या कलम २७ नुसार कार्यपद्धतीविषयक निर्णयाला पंधरापैकी कोणतीही नऊ मते पुरतात. अन्य सर्व ठरावांना मात्र नऊ मतांबरोबरच कायम सदस्यांची सहमती लागते. तटस्थ राहणे हा विरोध समजला जात नाही. हा संकेत प्रथेने रूढ झाला आणि १९७१ मध्ये नामिबियाविषयीच्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो ग्राह्य धरला.

या तरतुदीचे सूत्र फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत ठरले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे सनदेवर चर्चा झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री हर्बर्ट एव्हॅट यांच्यासह अनेक लहान देशांच्या प्रतिनिधींनी तिला कडाडून विरोध केला. त्यावर अमेरिकी सिनेटर टॉम कॉनली यांनी मसुद्याची प्रत फाडून, नकाराधिकार नाकारल्यास संघटनाच उभी राहणार नाही, असे बजावले. बड्या राष्ट्रांना संघटनेत टिकवून ठेवण्यासाठी मोजलेली ही किंमत होती आणि ती इतरांनी मोजली, हे विसरता येत नाही.

पहिला नकाराधिकार सोव्हिएत संघाने फेब्रुवारी १९४६ मध्ये सिरिया व लेबनॉन यांच्याविषयीच्या ठरावावर वापरला. अमेरिकेने तो प्रथम १९७० मध्ये दक्षिण ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर वापरला आणि पुढे तो मुख्यतः इस्रायलच्या पाठराखणीसाठी योजला. फ्रान्स व ब्रिटन यांनी १९८९ नंतर तो वापरलेला नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत संघाने अडवले आणि त्यामुळे भारताला अवधी मिळाला. एका पक्षाला जो अन्याय वाटतो तोच दुसऱ्याच्या कामी येतो, तो असा. मात्र वापराच्या आकड्यांवरून या अधिकाराचे खरे वजन कळत नाही. नकार अटळ दिसला की मसुदा मतदानाला येतच नाही किंवा इतका सौम्य केला जातो की त्यात कृतीला जागा उरत नाही. हा परिणाम कोणत्याही नोंदीत येत नाही. महासचिवांच्या निवडीवरही त्याचे सावट असते : १९९६ मध्ये चौदा सदस्य पाठीशी असूनही अमेरिकेच्या एका मतामुळे बुत्रोस बुत्रोस-घाली यांची फेरनिवड झाली नाही.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी आमसभेने १९५० मध्ये ‘शांततेसाठी एकजूट’ हा ठराव केला. १९५६ च्या सुएझ संघर्षात ब्रिटन व फ्रान्स यांनी परिषदेला रोखल्यावर त्याच मार्गाने आमसभेचे आणीबाणीचे अधिवेशन भरले व शांतिसेना उभी राहिली. तथापि आमसभेच्या शिफारशी बंधनकारक नसतात. सनद बदलण्याचा मार्गही कलम १०८ मुळे पाचही कायम सदस्यांच्या अनुसमर्थनावर अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाविषयीचा ठराव रशियाने, म्हणजे आक्रमण करणाऱ्या देशानेच, रोखला. दोन महिन्यांनी आमसभेने निर्णय केला, की यापुढे नकाराधिकार वापरला गेल्यास दहा कामकाजी दिवसांत तिची बैठक होऊन त्यावर चर्चा व्हावी. सामूहिक अत्याचारांच्या प्रसंगी कायम सदस्यांनी स्वेच्छेने हा अधिकार बाजूला ठेवावा, हा फ्रान्स व मेक्सिको यांचा प्रस्ताव शंभराहून अधिक देशांनी उचलून धरला आहे. अमेरिका, रशिया व चीन यांनी ते बंधन स्वीकारलेले नाही.